स्वीडिश दत्तक व जुळ्यांचा वार्धक्य-अभ्यास (सॅटसा)

स्वीडिश दत्तक व जुळ्यांचा वार्धक्य-अभ्यास : लहानपणी ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या आणि एकत्र वाढलेल्या जुळ्यांच्या वार्धक्याचा स्वीडनमध्ये झालेला दीर्घकालीन अभ्यास. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘सॅटसा’ या नावाने ओळखला जातो. स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटी यांच्या सहकार्याने तो १९८४ मध्ये सुरू झाला. प्रत्यक्ष तपासणीची शेवटची फेरी २०१४ मध्ये पूर्ण झाली. उतारवयात माणसामाणसांत जे फरक दिसतात, त्यांत आनुवंशिकतेचा वाटा किती, बालपणीच्या घराचा किती आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या स्वतंत्र आयुष्याचा किती, हे वेगळे काढणे हा त्याचा उद्देश. हे वाटे कायमचे ठरलेले नसतात, ते गुणधर्मानुसार आणि वयानुसार बदलतात, हा त्याचा मुख्य निष्कर्ष होय.

पार्श्वभूमी : हा अभ्यास शक्य झाला तो स्वीडनच्या जुळ्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीमुळे. धूम्रपान व मद्यपान यांचा कर्करोग आणि हृदयविकाराशी असलेला संबंध तपासण्यासाठी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही नोंदवही उभारण्यात आली. त्यासाठी देशभरच्या पॅरिश कचेऱ्यांतील जन्मनोंदी धुंडाळून १८८६ ते १९२५ या काळात जन्मलेल्या समान लिंगाच्या जुळ्यांची यादी करण्यात आली. पुढे १९२६ ते १९५८ मधील जन्मांची भर पडली. या जुळ्यांना पाठवलेल्या प्रश्नावल्यांमध्ये आपण किती वर्षांपर्यंत एकत्र राहिलो, हाही प्रश्न होता. वयाच्या अकराव्या वर्षापूर्वी आपली ताटातूट झाली, असे उत्तर अनेकांनी दिले होते. तीच माणसे सॅटसाचा गाभा ठरली.

विसाव्या शतकाच्या आरंभीचा स्वीडन आजच्यासारखा संपन्न नव्हता. आईचा किंवा वडिलांचा मृत्यू, घरातील आजारपण आणि गरिबी ही ताटातुटीची प्रमुख कारणे होती. वेगळ्या वाढलेल्या जोड्यांपैकी सुमारे निम्म्या पहिल्या वाढदिवसाच्या आतच दुरावल्या होत्या, तर पाच वर्षांच्या आत दुरावलेल्यांचे प्रमाण सुमारे चार पंचमांश होते. नावात ‘दत्तक’ हा शब्द असला तरी कायदेशीर दत्तकविधान ही निवडीची अट नव्हती; भावंडांनी वेगवेगळ्या घरांत वाढलेले असणे पुरेसे होते.

अभ्यासाची आखणी नॅन्सी पेडरसन, जेरल्ड मॅक्लर्न, रॉबर्ट प्लोमिन आणि जॉन नेसलरोड यांनी केली. वार्धक्यशास्त्रज्ञ स्टिग बर्ग यांच्यामुळे यॉनशॉपिंग येथील वार्धक्यशास्त्र संस्थेचेही साहाय्य मिळाले. पुढील काळात मार्गारेट गॅट्झ, चँड्रा रेनल्ड्स आणि डेबोरा फिंकेल यांनी विश्लेषणाचा मोठा भाग सांभाळला. निधी मुख्यत्वे अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेकडून, तसेच मॅकआर्थर प्रतिष्ठान व स्वीडिश संशोधन परिषदांकडून आला.

रचना : वेगळ्या वाढलेल्या प्रत्येक जोडीच्या तुलनेसाठी एकत्र वाढलेली एक जोडी निवडण्यात आली. तिचे लिंग, जन्मकाळ आणि जन्माचा जिल्हा पहिल्या जोडीशी जुळता ठेवला होता. त्यामुळे चार गट तयार झाले : एकबीज जुळी वेगळी वाढलेली, एकबीज एकत्र वाढलेली, द्विबीज वेगळी वाढलेली आणि द्विबीज एकत्र वाढलेली. एकबीज जुळ्यांची जनुकसंपदा जवळजवळ सारखीच असते, तर द्विबीज जुळ्यांमध्ये सख्ख्या भावंडांप्रमाणे सरासरी निम्मी समान असते. वेगळ्या घरांत वाढलेली एकबीज जुळी म्हातारपणी जितकी एकमेकांसारखी निघतील, तितका आनुवंशिकतेचा वाटा मोठा. एकत्र वाढलेली एकबीज जुळी त्याहूनही अधिक सारखी निघाली, तर ती वाढ समाईक घराच्या खात्यावर जमा होते. एकाच घरात वाढलेल्या एकबीज जुळ्यांतही जो फरक उरतो, तो प्रत्येकाच्या स्वतंत्र अनुभवांचा आणि मापनातील त्रुटींचा. एखाद्या लोकसमूहात आढळणाऱ्या फरकांपैकी जितका हिस्सा जनुकीय फरकांनी स्पष्ट होतो, त्याला आनुवंशिकतांक म्हणतात.

माहिती दोन मार्गांनी गोळा झाली. १९८४ ते २०१० या काळात टपालाने सात प्रश्नावल्या पाठवल्या गेल्या. पहिलीला सुमारे २,००० व्यक्तींनी उत्तरे दिली. आरोग्य, आहार, व्यसने, स्वभाव, नातेसंबंध, बालपणीचे घर आणि कामाचे ठिकाण असे विषय त्यांत होते. वयाची पन्नाशी गाठलेल्या जोड्यांच्या प्रत्यक्ष तपासण्या १९८६ पासून साधारण तीन-तीन वर्षांनी झाल्या. मध्यंतरी एका फेरीत केवळ दूरध्वनीवर मुलाखती झाल्या. प्रशिक्षित परिचारिका सहभागी व्यक्तींच्या घराजवळच्या ठिकाणी जाऊन सुमारे चार तासांची तपासणी करीत. रक्तदाब, फुप्फुसांची क्षमता, हाताच्या पकडीचे बळ, रक्ताचे नमुने, रोजच्या व्यवहारातील हातांची कामे, तसेच शब्दज्ञान, आकृत्यांची मांडणी, स्मरण आणि विचारांचा वेग मोजणाऱ्या चाचण्या असे तिचे स्वरूप होते.

बौद्धिक क्षमता : सॅटसाचा सर्वांत गाजलेला निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी ६५ वर्षे वयाच्या ३०२ जोड्यांमध्ये सर्वसाधारण बौद्धिक क्षमतेचा सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण साम्य) वेगळ्या वाढलेल्या एकबीज जुळ्यांत ०.७८ आणि एकत्र वाढलेल्यांत ०.८० आढळला. द्विबीज जुळ्यांत तो अनुक्रमे ०.३२ आणि ०.२२ होता. यावरून आनुवंशिकतांक सुमारे ८० टक्के निघाला. बालपणीच्या समाईक घराचा प्रभाव उतारवयात जवळजवळ दिसला नाही. आयुष्यभराचे अनुभव साचत गेल्यावर आनुवंशिकतेचा वाटा घटत जाईल, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. स्वीडनमध्येच ८० वर्षांवरील जुळ्यांवर झालेल्या ‘ऑक्टोट्विन’ या संलग्न अभ्यासात २४० जोड्यांवरून हा अंक ६२ टक्के आला (१९९७). उतारवयाच्या आरंभी मोठा असलेला वाटा अतिवार्धक्यातही बराच टिकून राहतो, असे त्यातून दिसते.

क्षमतेची पातळी आणि तिची घसरण या दोन बाबी मात्र वेगळ्या ठरल्या. त्याच व्यक्तींच्या वारंवार घेतलेल्या चाचण्यांवरून प्रत्येकाचा आलेख काढला असता, ६५ व्या वर्षीची पातळी मुख्यतः आनुवंशिकतेशी निगडित दिसली. पुढील बदलाच्या सरळ रेषेतील वेगावर प्रत्येकाच्या स्वतंत्र परिस्थितीचा प्रभाव अधिक होता, तर वयाबरोबर तीव्र होत जाणाऱ्या घसरणीत आनुवंशिकतेचा भाग पुन्हा दिसून आला. सर्व क्षमता एकदम उतरत नाहीत. शब्दज्ञान दीर्घकाळ टिकते. माहिती हाताळण्याचा वेग आधी मंदावतो आणि स्मरणशक्ती व अवकाशीय आकलन यांतील घसरणीची चाहूल त्यातून मिळते.

स्वभाव आणि अनुभव : १९८८ मधील विश्लेषणात बहिर्मुखतेचा आनुवंशिकतांक ०.४१ आणि भावनिक अस्थैर्याचा ०.३१ निघाला. हे अंक एकत्र वाढलेल्या जुळ्यांवरील पूर्वीच्या अंदाजांपेक्षा कमी होते. समाईक घराचा वाटा येथेही अल्प होता. सर्वांत मोठा वाटा स्वतंत्र अनुभवांचा होता.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका शोधनिबंधाने ‘परिस्थिती’ या संकल्पनेचाच फेरविचार करायला लावला. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकबीज जुळ्यांनी आपापल्या बालपणीच्या घरांचे जे वर्णन केले, ते द्विबीज जुळ्यांच्या वर्णनांपेक्षा अधिक मिळतेजुळते होते. घराविषयीच्या अशा आठवणींतील फरकांपैकी सरासरी सुमारे एक चतुर्थांश भाग आनुवंशिकतेने स्पष्ट होत होता. याचे दोन अर्थ संभवतात. सारख्या स्वभावाच्या मुलांशी दोन्हीकडची माणसे सारखी वागली असतील, किंवा सारख्या स्वभावामुळे वेगळे घरही सारखे जाणवले असेल. आयुष्यातील घटनांच्या बाबतीतही १९९० मध्ये असेच चित्र दिसले, विशेषतः ज्या घटना काही अंशी माणसाच्या हातात असतात त्यांच्या बाबतीत.

शरीर आणि आरोग्य : अल्बर्ट स्टंकर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये नोंदवहीतील जुळ्यांच्या देहभार निर्देशांकाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. वेगळ्या वाढलेल्या ९३ एकबीज जोड्यांमध्ये सहसंबंध पुरुषांत ०.७० आणि स्त्रियांत ०.६६ होता. एकाच स्वयंपाकघरात वाढल्याचा प्रौढपणीच्या स्थूलतेवर फारसा ठसा उरत नाही, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

रक्तातील मेदांबाबत चित्र इतके एकसुरी नव्हते. ५२ ते ८६ वर्षे वयाच्या ३०२ जोड्यांच्या १९९३ मधील अभ्यासात विविध घटकांचे आनुवंशिकतांक ०.२८ ते ०.७८ असे विखुरलेले होते. एकूण कोलेस्टेरॉलवर मात्र बालपणीच्या समाईक घराचा स्पष्ट प्रभाव आढळला. ट्रायग्लिसराइड आणि अपोलिपोप्रोटीन-बी यांच्यातील आनुवंशिक वाटा अधिक वृद्ध गटात कमी होता.

आयुर्मानाबाबत स्वीडिश नोंदवहीच्या १९९८ मधील विश्लेषणात आनुवंशिकतेचा वाटा फार तर एक तृतीयांश ठरला. डेन्मार्कच्या जुळ्यांवरून १९९६ मध्ये काढलेला अंदाज सुमारे एक चतुर्थांश होता. स्मृतिभ्रंशासाठी स्वीडिश नोंदवहीवर ‘हार्मनी’ हा स्वतंत्र अभ्यास झाला. त्यात २००६ मध्ये ११,८८४ जोड्यांवरून अल्झायमर विकाराचा आनुवंशिकतांक ५८ ते ७९ टक्के असल्याचा अंदाज देण्यात आला. तरीही एकबीज जुळ्यांपैकी एकाला विकार जडून दुसरा निरोगी राहिल्याची, किंवा दोघांना तो वेगवेगळ्या वयात झाल्याची उदाहरणे त्यात आहेत.

साठवलेल्या रक्तनमुन्यांमुळे पुढे रेणवीय संशोधनही शक्य झाले. ३८५ व्यक्तींच्या वीस वर्षांतील नमुन्यांवरून डीएनएवरील मेथिलेशन (मेथिल गटांच्या रासायनिक खुणा) वयाबरोबर कसे बदलते, हे २०१८ मध्ये मांडण्यात आले. २०२० मध्ये ८४५ व्यक्तींच्या १९८६ ते २०१४ या काळातील मोजमापांवरून ‘जैविक वया’च्या नऊ मापांची तुलना झाली. त्यांपैकी मेथिलेशनवर आधारित काही मापे आणि वार्धक्यजन्य दुर्बलतेचा निर्देशांक यांचा मृत्यूच्या जोखमीशी संबंध दिसला. जन्मतारखेनुसारचे वय हिशेबात धरल्यावरही तो टिकला.

तुलना व मर्यादा : वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांवरचा दुसरा प्रसिद्ध अभ्यास टॉमस बूशार्ड यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात सुरू केला. त्यातील जोड्या प्रसिद्धी, ओळखी आणि पुनर्भेटी यांतून हाती आल्या होत्या. त्यामुळे विलक्षण साम्य असलेल्या जोड्याच अधिक पुढे आल्या असाव्यात, असा आक्षेप घेतला गेला. सॅटसातील जोड्या राष्ट्रीय नोंदवहीतून आल्याने हा आक्षेप या अभ्यासाला फारसा लागू होत नाही. शिवाय त्यात द्विबीज जोड्या मोठ्या संख्येने आहेत आणि मोजमापे वारंवार झालेली आहेत.

मर्यादा तरीही आहेत. बौद्धिक क्षमतेच्या १९९२ मधील विश्लेषणात वेगळ्या वाढलेल्या एकबीज जोड्या केवळ ४६ होत्या. वेगळी वाढलेली जुळीही एकाच गर्भाशयात वाढलेली असतात. काही जोड्यांची ताटातूट उशिरा झाली, तर काहींची नंतर भेट झाली. वाढत्या वयाबरोबर मृत्यू व आजारपण यांमुळे सहभागी गळत जातात आणि मागे उरतात ती तुलनेने धडधाकट माणसे. विसाव्या शतकातील स्वीडनचा समाज बराच एकजिनसी आणि सर्वांना आरोग्यसेवा पुरवणारा होता. जेथे आहार, शिक्षण आणि उपचार यांत मोठी विषमता आहे, तेथे हेच आकडे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. आनुवंशिकतांक हा समूहातील फरकांचा हिशेब असतो. एखाद्या व्यक्तीच्या वार्धक्याचे भाकीत त्यावरून करता येत नाही, आणि अंक मोठा आहे म्हणून उपाययोजना निष्फळ ठरत नाही.

सद्यःस्थिती : नव्या तपासण्या थांबल्या असल्या तरी संशोधन चालू आहे. स्वीडन, डेन्मार्क, अमेरिका आदी देशांतील जुळ्यांचे अभ्यास एकत्र आणणाऱ्या ‘आयजेम्स’ या आंतरराष्ट्रीय संघात सॅटसाची माहिती समाविष्ट आहे. प्रश्नावल्या व तपासण्यांतील माहितीसंच अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या सामाजिक संशोधन संग्रहात जतन केले असून संशोधकांना ते अभ्यासासाठी मिळू शकतात.