राखेतलं खूर

नाकाला रुमाल लावू नका, वास ओळखीचाच आहे. शेण, मूत, ओला चारा. तुमच्या आजोळच्या गोठ्यातलाच, फक्त शेकडो पटींनी दाट.

तुम्ही कृष्णा आणि तुंगभद्रेमधल्या दुआबात उभे आहात, आजच्या तेलंगणातल्या उतनूरला. काळ साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. भोवती जाड खांब रोवून केलेलं कुंपण आणि आत गुरंच गुरं. उंच वशिंड, लांब शिंगं. खिल्लार पाहिलेल्या माणसाला यांची ओळख करून द्यावी लागत नाही. वशिंडाच्या गुरांचे सर्वांत जुने पुरावे मेहरगढचे, म्हणजे बलुचिस्तानातले. माणसाळून इथवर पोचायला त्यांना काही हजार वर्षं लागली.

कुंपणाबाहेर या. एक बाई वाकून जमीन उकरते आहे, कुळीथ नाही तर मूग पेरायला. हातात काठी. तुमची नजर आपोआप औत शोधते. शोधू नका. लोखंड अजून कुणाला ठाऊक नाही, कुऱ्हाडीसुद्धा घासून गुळगुळीत केलेल्या दगडाच्या. मागे एवढे बैल रवंथ करताहेत, पण नांगर ओढल्याची खूण त्या काळाने आपल्यासाठी ठेवलेली नाही. इथे गुरं हेच धन. शेती त्यांच्या कडेकडेनं चालते.

संध्याकाळी गुरं बाहेर काढतात आणि वाड्यात साचलेल्या शेणाला आग लावतात. सगळ्या शेणाला! तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले असाल तर जीव कळवळेल. शेणखताच्या ट्रॉलीचा आजचा भाव आठवेल. पलीकडच्या वावरात नेऊन टाका रे, असं ओरडावंसं वाटेल. पण भाषा येत नाही, आणि त्यांना घाईही नाही. ढीग आतल्या आत धुमसत राहतो. राख थंडावली की गुरं परत आत, पुन्हा शेण, काही काळानं पुन्हा आग. थरावर थर.

का जाळतात? गोचिडांसाठी, रोगराईसाठी, की सणासाठी? कर्नाटकात संक्रांतीला आजही गुरांना आगीवरून उडवतात, त्यामुळे माझं मत सणाकडे झुकतं. पुढच्या काळात राखेच्या अशा टेकाडांना लोक हिडिंबासुराची राख म्हणू लागले, आणि साहेबांनी ज्वालामुखीपर्यंत तर्क लढवले. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट मात्र शेणावर ठाम राहिला.

पाऊस शिंतडून गेलाय. एक गाय ओल्या राखेवरून जाते. खूर रुततं, दुभंगलेला ठसा स्वच्छ उमटतो. याच्यावर उद्या शेण पडेल, मग राख. 1957 साली पुरातत्त्वज्ञ एफ. आर. ऑलचिन हे थर उकलतील, तेव्हा खुरांचे असे ठसे त्यांच्यासमोर येतील.

निघताना शेजारचं तुमच्या बुटाचं पाऊल तेवढं पुसून टाका. उगाच त्यांचा गोंधळ नको.