धोकटीतील धार : आपल्या ज्ञातीच्या इतिहासातील एक न लिहिलेले पान

आपल्या नाभिक ज्ञातीचा इतिहास सांगू लागलो की प्रतापगडचा जिवा महाला आणि पन्हाळ्याचा शिवा काशीद ही नावे प्रथम ओठांवर येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या वस्तऱ्याने कित्येक पिढ्या आपली चूल पेटती ठेवली, त्याला घरोघरी लावल्या जाणाऱ्या धारेचा इतिहास मात्र कोणी लिहून ठेवला नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने ती उणीव यत्किंचित भरून काढावी, असे आम्हांस वाटते.

कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत वसले आहेत. येथला दगड काळा आणि भरड. शेतकऱ्याचा विळा वा कोयता अशा दगडावर घासला तरी काम भागते. गवताला व भाताला तेवढी धार पुरते. वस्तऱ्याचे तसे नाही. माणसाच्या गळ्यावरून फिरणाऱ्या पात्याला अतिशय बारीक कणांचा दगडच लागतो. म्हणून धोकटीत कातर, चिमटा, नराणी व आरसा यांच्याबरोबर असा दगड व चामड्याचा पट्टा जपून ठेवलेला असे.

धार लावण्याची रीत अशी. दगडावर पाण्याचे दोन थेंब टाकून वस्तरा आडवा ठेवावयाचा. पाठ व धार दोन्ही एकाच वेळी दगडास टेकली पाहिजेत. धारेची बाजू पुढे ठेवून तो हलक्या हाताने सरकवावयाचा, शेवटास पाठीवर उलटवावयाचा, आणि दोन्ही अंगांस सारखेच हात द्यावयाचे. पाठ उचलली की धार बोथट होते. नंतर पट्ट्यावर मात्र उलट, म्हणजे पाठ पुढे ठेवून ओढावयाचा. नाही तर पट्टाच कापला जातो. हाताच्या मनगटावरील केस अलगद उतरला की धार साधली. खिशातल्या चाकूस हाच दगड चालतो. पण त्याची पाठ किंचित उचलून धरावी लागते आणि तो कोन अखेरपर्यंत ढळू द्यावयाचा नसतो. या कामास बळ नव्हे, धीर लागतो.

धार लावणे ही एक विद्या. ती कोठे चालवू नये हे जाणणे ही दुसरी. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि मुंबई-पुण्याची वाट आपल्या दारावरून गेली. त्याच मुंबईत १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आपल्या ज्ञातिबांधवांनी सभा भरविली व विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. हातावर पोट असलेल्यांनी मिळकतीवर पाणी सोडून वस्तरा मिटला. आमच्या मते आपल्या इतिहासात याहून तेजस्वी धार दुसरी नाही.

पुढे आपल्याच कर्जत तालुक्यातील माथेरानात १ डिसेंबर १९१२ रोजी एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल जन्मले. ते वकील झाले. पण गोरगरीब शेतकऱ्यांची बाजू त्यांनी सोडली नाही. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह त्यांनी देह ठेवला. ज्या कामास लोक हलके म्हणत, त्या काम करणाऱ्यांच्या घरातून हा पुरुष निघाला, हे आपण मुलांना सांगितले पाहिजे.

बदलत्या पात्यांचा वस्तरा आला आणि दगडाची गरज सरत चालली. १९८६ साली भारतात एच.आय.व्ही.चा संसर्ग प्रथम आढळला. त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते हा दंडक रूढ होत गेला. तो योग्यच आहे. जुन्या पद्धतीचा हट्ट धरणे शहाणपणाचे नव्हे. परंतु टाकून देण्याजोगी नव्हती अशी वस्तूही त्या भरात गेली. आमच्या घरची धोकटी आम्ही स्वतः भंगारवाल्यास दिली. तिच्यातील दगड मधोमध झिजून खोलगट झाला होता. ती झीज म्हणजे आमच्या वाडवडिलांच्या हातांची खूण होती, हे ध्यानी येईपर्यंत उशीर झाला होता.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस आमची विनंती एवढीच. ज्यांच्या माळ्यावर जुनी धोकटी असेल त्यांनी ती विकू नये. घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसून प्रत्येक हत्याराचे नाव व उपयोग लिहून घ्यावा. आणि मुलांच्या, तसेच मुलींच्याही हाती दगड देऊन स्वयंपाकघरातील सुरीला एकदा तरी धार लावून घ्यावी. व्यवसाय कोणी कोणताही करो. वाडवडिलांच्या हातातील धीर आपल्याही हातात उतरला, तर ही स्मरणिका सार्थकी लागली असे आम्ही समजू.