गोगलगायीचा चुना

गेल्या वीकांताला अंजनेरी चढताना ओल्या दगडावर एक गोगलगाय दिसली. शंख इतका पातळ, की आतलं अंग दिसत होतं! आमच्या सोसायटीच्या बागेतली आफ्रिकन गोगलगाय मात्र एकदम दणकट. असं का, म्हणून घरी येऊन वाचत बसलो...

शंख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीच म्हणा ना. ते कॅल्शियम येतं माती-पाल्यातून. आपल्याच जिल्ह्यात गंमत बघा. येवल्याकडे पाऊस कमी, जमिनीत चुनखडीचे खडे. इगतपुरी-त्र्यंबकला धो धो पाऊस चुना धुऊन नेतो, माती आम्ल होते. खडक दोन्हीकडे तोच बेसॉल्ट! आम्ल मातीत गोगलगायींच्या जाती सहसा कमी असतात.

आता इतिहास. गोगलगायींचा शौकीन असलेल्या विल्यम बेन्सन या कंपनीच्या अधिकाऱ्याने मॉरिशसहून आणलेल्या आफ्रिकन गोगलगायी १८४७ मध्ये कलकत्त्यातल्या एका बागेत सुटल्या. २०२२ मध्ये त्यांच्याच जातीने लातूर-बीडकडे सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. इथल्या जातींची नोंद ठेवणारा विल्यम ब्लॅनफर्ड मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. खडक तपासता तपासता शंख गोळा करायचा. त्याचं काम १९०८ साली, तो गेल्यावर तीन वर्षांनी, ग्रंथरूपात आलं.

पीक खाणारीची बातमी होते. आम्ल मातीतल्या पातळ शंखाचं तसं नाही. जीव गेला की शंखही विरघळतो, पुरावाच उरत नाही. म्हणजे तिची नोंद जिवंतपणीच व्हायला हवी.

असो. पावसात अंजनेरीला जाल तेव्हा पाय जरा जपून टाका.