बॅकअप सर्व्हर विंडोजवरून लिनक्सवर नेताना नेमकं काय होतं?

शाहूवाडी तालुक्यातल्या कोणत्याही मोठ्या गावात गेलात तर दूध संस्था, विकास सेवा संस्था, पतसंस्था आणि ग्रामपंचायत या चार पाट्या दिसतातच. या सगळ्यांचा हिशेब आता कॉम्प्युटरवर असतो. कुणाचे शेअर्स किती, पीककर्ज किती थकलं, दुधाचं बिल किती निघालं, हे सगळं त्यात असतं. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यानंतर हा कल आणखी वाढला.

मुख्य कॉम्प्युटर बिघडला तर हिशेब परत मिळावा म्हणून त्याची प्रत ठेवणारं वेगळं यंत्र म्हणजे बॅकअप सर्व्हर. पण हे यंत्रच जुनं झालं तर?

बदलायची वेळ का येते?

ऑपरेटिंग सिस्टीमला ठरावीक आयुष्य असतं. विंडोज सर्व्हर २०१२ चा नियमित सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला, तर विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. लिनक्सही याला अपवाद नाही. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ रोजी थांबला. सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येणं बंद होतं. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय व्हायरसने अशा दुरुस्त्या न झालेल्या विंडोज यंत्रांनाच गाठलं होतं.

मग काही संस्था नवा विंडोज परवाना घेतात, तर काही जण परवान्याचा खर्च नसलेल्या लिनक्सकडे वळतात. खरी गुंतागुंत या दुसऱ्या वाटेवर असते.

नुसत्या फायली कॉपी करून का भागत नाही?

बॅकअप सर्व्हरमध्ये दोन गोष्टी असतात. एक, प्रत्यक्ष डेटा. दुसरी, त्या डेटाची सूची, म्हणजे कोणती फाईल कोणत्या तारखेची आणि डिस्कवर कुठे आहे याची नोंद. गोदामात पोती आहेत पण नोंदवही हरवली, तर पाहिजे ते पोतं शोधायला पूर्ण गोदाम उपसावं लागतं. इथेही तसंच होतं.

ही सूची बहुतेक वेळा एका डेटाबेसमध्ये असते. डेटाबेसच्या मूळ फायली एका सिस्टीमवरून उचलून दुसरीवर ठेवल्या तर त्या चालतीलच असं नाही, कारण प्रत्येक सिस्टीमची माहिती मांडायची पद्धत वेगळी असू शकते. म्हणून सूची आधी 'एक्स्पोर्ट' करून दोन्हीकडे वाचता येईल अशा रूपात काढावी लागते आणि नव्या यंत्रावर 'इम्पोर्ट' करावी लागते. तुमचं बॅकअप सॉफ्टवेअर ही सोय देतं का आणि नव्या सिस्टीमवर ते चालतं का, हा पहिला प्रश्न.

मराठी फायलींची वेगळी अडचण

विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत फाईलचं नाव साधारण २५५ चिन्हांपर्यंत चालतं. लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीत मर्यादा २५५ बाइटची आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, पण युनिकोड देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, वेलांटी, उकार हेही स्वतंत्र चिन्ह धरलं जातं. 'शाहूवाडी' ही दिसायला चार अक्षरं, पण मोजणीत ८ चिन्हं आणि २४ बाइट. म्हणजे लिनक्सवर मराठी नाव जास्तीत जास्त ८५ चिन्हांचं. 'वार्षिक सर्वसाधारण सभा इतिवृत्त…' अशी लांबलचक नावं विंडोजवर सुखाने राहतात आणि लिनक्सवर कॉपी होतानाच अडतात.

बाकीचे फरकही लक्षात घ्या:

- लिनक्स इंग्रजीतलं मोठं आणि छोटं अक्षर वेगळं मानतं. विंडोज सहसा मानत नाही. त्यामुळे विंडोजवर चालणारी जुनी आज्ञा लिनक्सवर 'फाईल सापडत नाही' म्हणू शकते.
- कोणी कोणती फाईल उघडायची, याच्या परवानग्या दोन्हीकडे वेगळ्या पद्धतीने लिहिल्या जातात. साध्या कॉपीत त्या गळून पडतात.
- नवा सर्व्हर जागतिक वेळेवर राहिला, तर रात्री ११ चा बॅकअप आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे ४.३० ला सुरू होईल. टाइम झोन भारताचा ठेवा.
- श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली सुरक्षित पोचतील, पण तो फॉन्ट नसेल तर वाचता येणार नाहीत. फॉन्टही जपून ठेवा.

स्थलांतराच्या तीन वाटा

१. नव्याने सुरुवात: आजपासूनचा बॅकअप नव्या सर्व्हरवर घ्यायचा. जुना सर्व्हर नेटवर्कपासून तोडून फक्त वाचण्यापुरता ठेवायचा आणि जुन्या नोंदींची गरज संपली की निवृत्त करायचा. लहान संस्थेसाठी हीच वाट सहसा सोपी.

२. एक्स्पोर्ट-इम्पोर्ट: डेटा आणि सूची दोन्ही नव्या यंत्रावर न्यायचं. वेळ जास्त लागतो, पण पूर्ण इतिहास एका जागी राहतो.

३. मिश्र: वर्षअखेरीचे आणि ऑडिटला लागणारे बॅकअप तेवढे हलवायचे, बाकीचे जुन्या यंत्रावर मुदत संपेपर्यंत ठेवायचे.

वेळेचा हिशेब आधी करा. २ टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या नेटवर्कवरून पाठवायला पूर्ण वेग मिळाला तरी सुमारे ४४ तास लागतात, १ जीबीपीएसवर साडेचार तास. २० एमबीपीएसच्या इंटरनेटवरून हेच काम नऊ दिवसांहून अधिक चालेल. मलकापूर, आंबा, विशाळगडाकडच्या धुवाधार पावसात तेवढा वेळ वीज आणि नेट सलग टिकेल याचा भरवसा धरू नका. काम उन्हाळ्यातच उरका, यूपीएस लावा आणि तुटलेली कॉपी पुढे चालू ठेवणारं साधन वापरा.

काम झालं हे कसं ओळखायचं?

'कॉपी पूर्ण' असा संदेश हा पुरावा नाही. दोन्हीकडच्या फायलींचे चेकसम, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, जुळवा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. बॅकअप एन्क्रिप्टेड असेल तर त्याची किल्ली किंवा पासवर्ड यंत्राबाहेर लिहून ठेवा. ती गेली तर डेटा असून नसल्यासारखा.

सगळ्यात महत्त्वाचं, बॅकअप परत आणून बघा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगप्रसिद्ध कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. तेव्हा कळलं, की बॅकअप घेणारं साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचं असल्याने रोजचा बॅकअप निघतच नव्हता आणि चुकीची सूचना देणारे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत दुसरीकडे होती. मधल्या सहा तासांतला डेटा मात्र गेला.

म्हणून नवा सर्व्हर लागला की एका रिकाम्या कॉम्प्युटरवर कालचा हिशेब परत आणा. एखाद्या खात्याची शिल्लक छापील खतावणीशी ताडून पाहा. निदान महिनाभर दोन्ही सर्व्हर बरोबरीने चालवा. एक प्रत गावाबाहेर ठेवा, कारण आग किंवा चोरी झाली तर एकाच खोलीतली दोन्ही यंत्रं एकदमच जातात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूरकडचे रस्ते बंद पडले होते. तेव्हा ती प्रत अडचणीच्या दिवशी हाती येईल अशा जागी हवी.

हे सगळं पार पडेपर्यंत जुनी डिस्क पुसू नका. आणि पुसायची वेळ आली की ती नीट पुसूनच भंगारात द्या, कारण त्यात सभासदांची नावं, खाती आणि आधार क्रमांक असू शकतात.