हूड, टप आणि चाळीचे छप्पर

मुंबईच्या मोटारबाजारात इंजिनावरच्या झाकणाला ‘बॉनेट’ म्हणतात आणि उघड्या गाडीच्या दुमडत्या कापडी छताला ‘हूड’. हा इंग्रजी शिरस्ता. अमेरिकेत इंजिनाचे झाकणच ‘हूड’ होते. गंमत अशी की, दोन्ही शब्द मुळात डोक्यावर घालायच्या वस्त्राचे. आपल्याकडे टांग्याला असे तो टप. आम्ही येथे विचार करतो आहोत तो या दुमडत्या छताचा, आणि तो वरळीच्या बीडीडी चाळींच्या शेजारून. या चाळी ज्या 1920 च्या दशकात उभ्या राहिल्या, त्याच काळात मुंबईच्या रस्त्यावर व्हिक्टोरियाचा टप आणि धनिकांच्या मोटारीचे हूड एकाच वेळी दिसत असणार. रिक्षाचे हूड मात्र वरळीकरांच्या वाट्याला आजही आलेले नाही. माहीम-शीवच्या दक्षिणेस रिक्षाला परवानगीच नाही.

मोटारीचे हूड हे घोडागाडीचेच अपत्य. कॅब्रिओले, लँडो, फीटन ही नावे आधी घोडागाड्यांची होती. व्हिक्टोरियाच्या मागच्या आसनावर कमानींवर ताणलेला टप असे आणि सांध्यांच्या लोखंडी पट्ट्यांनी तो उघडझाप करी. स्पोर्ट्‌स मोटारीच्या रचनाकारांनी हीच युक्ती उचलली. पण वेग वाढला तसा वारा कापडाखाली शिरून ते फुगवू लागला, आणि मिटलेले छत मावेल तरी कुठे, हा प्रश्न गाडीच्या पाठीचा आकार ठरवू लागला.

आम्हांला यातले महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. हूड हा गाडीचा असा भाग आहे, जो आधी झिजणार हे गृहीत धरूनच बनवलेला असतो. उन्हाने कापड विटते, ओले असताना मिटले तर बुरशी धरते, शिवणीचा दोरा कुजतो. मग कारागीर जुने हूड जपून उसवतो, त्याचे तुकडे नव्या कापडावर ठेवून बेततो, शिवणीचा दुमड पाण्याच्या ओघाकडे ठेवतो आणि कमानींवर ताण देत बसवतो. ताण कमी पडला तर पाणी साचते, जास्त झाला तर कडी लागत नाही. हे काम शिंप्याचेही आहे आणि लोहाराचेही. पॉर्शच्या बॉक्स्टरचे उदाहरण पाहावे. 1996 साली आलेल्या या महागड्या गाडीच्या हूडला मागे प्लास्टिकची पारदर्शक खिडकी होती. दर वेळी घडी पडून ती पिवळी पडे, तडकेही. हूड मिटताना हाताने तिला नीट वळण देण्याची सवय अनेक मालकांनी लावून घेतली. 2002 च्या सुधारित आवृत्तीत तेथे काच आली.

त्याच 1996 साली मर्सिडीजने एसएलके या गाडीत पोलादी छत विजेच्या बळावर दुमडून दाखवले. दुमडत्या पोलादाची कल्पना नवी नव्हती. फ्रान्समध्ये प्यूजोने 1930 च्या दशकातच ती वापरली होती. तरीही 1996 नंतर कापडाचे दिवस भरले असे अनेकांनी मानले. पोलाद जड होते, सामानाची जागा खाई आणि बिघडले तर शिंप्याच्या हाती काही उरत नसे. 2018 साली बीएमडब्ल्यूच्या झेड-4 ने आणि 2021 साली खुद्द मर्सिडीजच्या एसएलने पुन्हा कापड स्वीकारले. शंभर वर्षांपूर्वीची युक्ती परत आली, ती केवळ हौसेपोटी आली असे आम्हांला वाटत नाही.

आता चाळीकडे वळू. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट 1920 मध्ये स्थापन झाले आणि त्याने गिरणी कामगारांसाठी वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे एकूण 207 इमारती उभारल्या. त्यांपैकी 121 वरळीत. काँक्रीटच्या या इमारतींत लांब बोळाच्या दोन्ही बाजूंना 160 चौरस फुटांच्या खोल्या आणि सामाईक शौचालये. काँक्रीट टिकणार, हाच तिथला विश्वास. दुरुस्तीचा अधिकार मात्र राहणाऱ्याचा नव्हता. घर सरकारचे, डागडुजी सार्वजनिक बांधकाम खात्याची. भाडेकरूने करायचे ते खोलीच्या आत, पोटमाळा काढणे किंवा ओटा वाढवणे. हूड फाटले तर मालक कारागिराकडे जातो आणि गाडी तीच राहते. चाळीचे छप्पर गळले तर भाडेकरूने अर्ज करायचा. एक एक भाग नवा करून जुनी वस्तू राखणे हे कारागिरीवर अवलंबून असते खरे, पण त्याआधी ते मालकीवर अवलंबून असते, आणि बीडीडीच्या तीन-चार पिढ्यांना ती मालकी नव्हती. म्हणून तिथे भाग बदलला नाही; अख्खी वस्तूच बदलली.

व्हिक्टोरियाचेही तसेच झाले. 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने या घोडागाड्या बेकायदा ठरवून वर्षभराची मुदत दिली. कारण घोड्यांच्या हालांचे होते आणि ते रास्तच होते. टप गेला तो गाडीबरोबर, आणि त्याबरोबर गाडीवानाचा धंदाही.

वरळीच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन 2017 मध्ये झाले. ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या टप्प्यातील 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. इमारती चाळीस मजली आहेत. त्यांची गच्ची पुढे कधी गळली, तर वर्गणी कोणी किती काढायची हे रहिवाशांनाच गृहनिर्माण संस्थेच्या सभेत ठरवावे लागणार आहे.