जुहू येथील गृहसजावटकारांचे कागद

घर बांधविणाऱ्याचें नांव कोनशिलेवर राहतें, क्वचित् शिल्पज्ञाचेंहि राहतें. परंतु घराच्या अंतर्भागास ज्याच्या हातून रूप येतें, त्या सजावटकाराचें नांव बहुधा लुप्त होतें. कारण उघड आहे. भिंती पिढ्यानुपिढ्या टिकतात. पडदे, रंग, गाद्या व लांकडी काम हीं मालक पालटला कीं जातात. अशा कृतीची साक्ष कागदावांचून अन्यत्र मिळणें कठीण. याविषयीं पुण्याचें एक उदाहरण बोलकें आहे.

शनिवारवाड्याची वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली. पुढें त्यांत आरसेमहाल, हस्तिदंती महाल, गणेशमहाल इत्यादि दिवाणखाने सजले. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत ते भस्मसात् झाले. तथापि शिवराम कृष्ण, देवाजी, कोंडाजी सुतार, मोरोजी पाथरवट, राघो चितारी आणि जयपूरचा भोजराज हीं कारागिरांचीं नांवें आजहि आपणांस ठाऊक आहेत. काम गेलें, नांवें राहिलीं, तीं दप्तरामुळें.

जुहूस असें दप्तर नाहीं. जमशेटजी टाटा यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथें बंगला बांधला व विस्तीर्ण वसाहत योजिली. १९०४ सालीं त्यांच्या निधनानें ती योजना राहून गेली. १९२८ सालीं येथें विमानतळ झाला. १९३७ सालीं मुंबईच्या टाउन हॉलमध्यें भारतीय वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेनें आदर्श गृहाचें प्रदर्शन भरविलें, व घराची अंतर्रचना हा शहरांतील लोकांच्या चर्चेचा विषय झाला. स्वातंत्र्यानंतर जुहू-पार्लें योजनेंत बंगल्यांच्या रांगा उठल्या. आतां त्यांपैकीं पुष्कळ पाडून तेथें उंच इमारती उभ्या राहत आहेत.

बंगल्याबरोबर त्याची सजावटहि जाते. सजावटकाराची फाईल मात्र कचेरींत पडून असते. तींत मोजमापाचे नकाशे, सागवानाच्या घनफुटांचा हिशेब, सुताराशीं ठरलेला दर, पॉलिशवाल्याच्या पावत्या व कापडाचे तुकडे असतात. खाऱ्या वाऱ्यानें लोखंड गंजतें म्हणून बिजागऱ्या पितळी घातल्या काय, देवघर कोठें ठेविलें, पाटावरची पंगत जाऊन टेबल केव्हां आलें, हें त्या कागदांवरून कळूं शकेल. मालकानें प्रथम काय मागितलें व खर्च पाहून काय सोडलें, हेंहि त्यांतच सांपडेल.

पेशव्यांचे कागद सरकारी म्हणून जपले गेले. हे कागद खासगी असल्यानें धंदा बंद होतांच रद्दींत जातात. सबब संग्राहकांस विनंति कीं, सनदा व पोथ्यांबरोबर या फायलींकडेहि लक्ष द्यावें. घरमालकाची संमति घ्यावी, नमुना बिलापासून वेगळा करूं नये, आणि तारीख, गल्ली व कारागिराचें नांव नोंदवावें. शंभर वर्षांनीं जुहूचा संशोधक सुताराचें नांव विचारील, तेव्हां उत्तर देणारी भिंत तेथें नसेल.