प्रिंटच्या पाठीवरचे नाव

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या कामास आरंभ झाला, तेव्हा जुन्या छायाचित्रांचा शोध ओघानेच आला. माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरल्या, कपाटांतले खोके उघडले गेले. गणेशोत्सवाची, नाटकांची, सहलींची चित्रे मिळाली, आणि त्यांच्याबरोबर आमच्या हौशी छायाचित्रकार मित्रांच्या घरांतून आणखी एक ठेवा बाहेर पडला. तो होता बारा इंच बाय पंधरा इंचांच्या कृष्णधवल प्रिंट्सचा. कधीकाळी या प्रिंट्स दूरदूरच्या छायाचित्र-स्पर्धांसाठी टपालाने जाऊन परत आल्या होत्या. पुढच्या बाजूस भट्टीतून वाहणारे लोखंड, शिवनाथ नदीचा काठ, खळ्यावर धान उफणणारे हात. आणि मागच्या बाजूस कागदी चिठ्ठी. चिठ्ठीवर शीर्षक, भिलाईच्या एखाद्या सेक्टरमधील क्वार्टरचा पत्ता आणि एक नाव.

त्या एका नावानेच आम्हांस हा लेख लिहिण्यास प्रवृत्त केले. ते नाव खोटे नव्हते. पण ते अपुरे होते, असे आज आम्हांस वाटते.

छायाचित्रण ही विद्या आपल्या लोकांनी फार लवकर आत्मसात केली, हे अनेक वाचकांस ठाऊक नसेल. लंडन येथे छायाचित्रकारांची संस्था १८५३ साली स्थापन झाली, आणि लगेच पुढच्या वर्षी, ३ ऑक्टोबर १८५४ रोजी, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ निघाली. तिच्या कार्यात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. डॉ. नारायण दाजी यांची छायाचित्रे १८५७ मध्ये कलकत्त्याच्या छायाचित्र-संस्थेत प्रदर्शित झाली. ज्या मुंबई–हावडा लोहमार्गावर आपले भिलाई वसले आहे, तो मार्ग तेव्हा अस्तित्वातही नव्हता. स्वतःच्या हाताने केलेली प्रिंट परक्या शहरातील जाणत्या माणसांच्या नजरेखाली जावी, ही ओढ इतकी जुनी आहे.

याच परंपरेतले दुसरे नाव धुंडिराज गोविंद फाळके यांचे. चित्रपटमहर्षी म्हणून आपण त्यांना वंदन करतो; परंतु ते प्रथम छायाचित्रकार होते, बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी ही विद्या संपादन केली होती आणि गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसायही करून पाहिला होता, याचा विसर पडतो. १९१२ साली त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपली, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्या चित्रपटाची प्रयोगशाळा म्हणजे त्यांचे राहते घर होते. फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणे, ती रसायनांतून काढणे, आणि शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, हा भार सरस्वतीबाई फाळके यांनी उचलला. ‘जनक’ ही पदवी एकालाच मिळाली. अंधारखोलीत मात्र दोघे होती. हे उदाहरण आम्ही मुद्दाम दिले आहे, कारण पुढे येणाऱ्या हकिकतीचे सार त्यातच आहे.

विसाव्या शतकात हौशी छायाचित्रकारांचे क्लब देशभर निघाले. मुंबईची ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ १९३७ची. भारतातील क्लबांचा महासंघ १९५३ साली स्थापन झाला. तर अशा राष्ट्रीय महासंघांची ‘फियाप’ ही आंतरराष्ट्रीय संघटना १९५० साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे भरलेल्या अधिवेशनात साकार झाली. या संस्थांच्या मान्यतेने भरणाऱ्या प्रदर्शनांस ‘सलोन’ म्हणत. पंचांपुढे प्रिंट एकामागून एक ठेवल्या जात आणि प्रत्येक पंच गुण देई. ज्याने पाठविले तो नामवंत की नवखा, राजधानीतला की आडगावचा, हे पुढच्या बाजूवरून कळत नसे. नाव पाठीवर असे. दूरच्या गावी राहणाऱ्या माणसाला या व्यवस्थेचे किती अप्रूप असेल, हे आपल्याला सांगावयास नको.

आपण सारे येथे आलो ते पोलादाच्या निमित्ताने. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्यानंतर मध्ये सीमारेषा आली, आणि नागपूर, वर्धा, अमरावतीकडून आलेली कुटुंबे परप्रांतीय ठरली. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले. पाळीची नोकरी, सरकारी क्वार्टर, सुटीत नागपूरची गाडी, या चौकटीत ज्यांना कॅमेऱ्याचा नाद लागला, त्यांनी न्हाणीघराची अंधारखोली केली.

ती कशी असे, हे आजच्या मुलांसाठी थोडे विस्ताराने सांगतो. खिडकीस काळे कांबळे. पाटावर तीन ट्रे: पहिल्यात डेव्हलपर, दुसऱ्यात पाण्यात मिसळलेले थोडे ॲसेटिक आम्ल, तिसऱ्यात हायपो. कोपऱ्यातल्या टेबलावर एन्लार्जर, आणि वर तांबडा मंद दिवा. डेव्हलपर घरीच बनवीत. मेटॉल, सोडियम सल्फाइट, हायड्रोक्विनोन, सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम ब्रोमाइड, याच क्रमाने कोमट पाण्यात विरघळवावयाचे. वजन सोनाराच्या काट्याने. द्रावणाचे तापमान वीस अंश असावे असे पुस्तक सांगे. मे महिन्यात भिलाईचा पारा पंचेचाळिसाच्या घरात असे. मग परातीत बर्फ घालून तीत ट्रे ठेवावयाचा. उलट थंडीच्या रात्री हायड्रोक्विनोन सुस्तावे आणि चित्र फिके उठे. तेव्हा परातीत गरम पाणी.

प्रथम कागदाची एक पट्टी कापून तिच्यावर चार, आठ, बारा, सोळा सेकंद असा वाढता प्रकाश देत. ही चाचणीची पट्टी पाहून मुख्य प्रिंटचा काळ ठरे. कागदही एकाच जातीचा नसे. मऊ, मध्यम, कडक अशा प्रती असत. निगेटिव्हमध्ये उजेड-अंधाराचे अंतर मोठे असेल तर मऊ कागद, अंतर थोडे असेल तर कडक. भिलाईचा खास विषय म्हणजे वाहते लोखंड, आणि तोच सर्वांत अवघड. लोखंडाचा प्रवाह निगेटिव्हवर इतका दाट येई की प्रिंटवर त्या जागी नुसता कोरा कागद राही, आणि भोवतालची माणसे काळोखात बुडून जात. मग पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून प्रवाहाच्या जागी जादा प्रकाश द्यावयाचा. आणि कामगाराच्या चेहऱ्यावर, तारेला चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या टिकलीने, काही सेकंद सावली धरावयाची. टिकली स्थिर राहिली तर तिची कडा उमटे, म्हणून हात सतत हलता हवा. थोर अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स पियानोवादनही शिकले होते. ते निगेटिव्हला संगीताची लिखित संहिता आणि प्रिंटला तिचे वादन मानीत. आपल्या भाषेत बोलावयाचे तर निगेटिव्ह म्हणजे बंदिश आणि प्रिंट म्हणजे गायन. बंदिश तीच, पण मैफल दर वेळी नवी, आणि बेसूर होण्याची भीतीही दर वेळी नवी.

येथपर्यंतचे काम त्या एका नावाचे, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. पुढचे मात्र तसे नाही.

हायपोने कागदावरील प्रकाशग्राही क्षार निघून जातात आणि चित्र स्थिर होते. परंतु हायपोच जर कागदात राहिला, तर कालांतराने तो चित्रातील चांदीवर उलटतो आणि प्रिंट पिवळी, मग तपकिरी पडते. त्या काळच्या जाड कागदाच्या प्रिंट्स म्हणूनच तासभर धुवाव्या लागत. दर पाच मिनिटांनी पाणी बदलून बारा पाणी. आता वेळेचा हिशेब पाहा. अंधारखोलीचे काम रात्री चाले. पहाट होई, आणि यजमान पहिल्या पाळीला कारखान्यात जात. नळाला पाणी येई ते त्यानंतर. बारा पाणी कोण बदली? घरची गृहिणी. विहिरीच्या पाण्यासाठी घरात ठेवलेल्या पोटॅशियम परमँगनेटचे गुलाबी थेंब प्रिंटवरून निथळलेल्या पाण्यात टाकून, रंग टिकतो की उडतो हे पाहणेही तिनेच शिकून घेतले होते. रंग उडाला तर हायपो शिल्लक, पुन्हा पाणी. वळलेल्या प्रिंट गादीखाली दाबून सपाट करणे, कपड्यांच्या इस्त्रीने त्या पुठ्ठ्यावर चिकटविणे हेही घरातच होई. धुळीच्या कणांमुळे उठलेले पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने एकेक करून भरावयाचे असत. ज्या मुलीचा हात रांगोळीत स्थिर, तिच्याकडे ते काम. पाठीवरच्या चिठ्ठीत यांपैकी कोणाचेही नाव नसे. तसे लिहिण्याची पद्धत नव्हती, आणि ते लिहावे असे आम्हांलाही कधी सुचले नाही.

या धुण्याचे मोल आम्हांस एका चुकीने शिकविले. एका उन्हाळ्यात स्पर्धेची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती आणि नळाला पाणी नव्हते. आम्ही दहा मिनिटांत दोन बादल्यांवर भागविले. घरातून सूचना आली होती की, “राहू द्या हो, उद्या पाणी आल्यावर मी नीट धुते”. ती आम्ही ऐकली नाही. ती प्रिंट स्पर्धेत स्वीकारली गेली आणि पाठीवर सलोनची चिठ्ठी लेवून परत आली. तिचा आनंद मोठा होता. त्याच निगेटिव्हची दुसरी एक प्रिंट पुढे घरच्या भिंतीसाठी केली. ती सावकाश, बारा पाण्यांत धुतली गेली. परवा या दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी ठेवल्या. मानाची प्रिंट कडेने तपकिरी झाली आहे आणि कामगाराचा चेहरा डागात हरवला आहे. भिंतीवरची प्रिंट मात्र अजून स्वच्छ आहे; त्या चेहऱ्यावरचा घामही दिसतो. पंचांनी निवडली ती टिकली नाही. गृहिणीने धुतली ती टिकली. याहून अधिक भाष्याची गरज नाही.

काळ पालटला. भारतीयांस ‘इंदू’ या नावाने फिल्म आणि कागद पुरविणारा उटकमंडचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला होता. तो आता बंद पडला आहे. सलोन आजही भरतात, त्यांत कृष्णधवल विभागही असतो; पण बहुतांश चित्रे संगणकावरून जातात आणि ट्रेची जागा पडद्याने घेतली आहे. याचा आम्हांस विषाद नाही. साधने बदलतात, उजेड कोठे वाढवावा आणि कोठे आवरावा, हा विवेक तोच राहतो.

चिंता आहे ती खोक्यांची. ज्या घरांत या प्रिंट आहेत तेथील तरुण पिढी आता पुणे, बंगळूर, अमेरिका येथे आहे. क्वार्टर सोडताना जड पुठ्ठे प्रथम टाकले जातात. म्हणून मंडळाच्या सर्व कुटुंबांस आमची विनंती आहे. प्रिंट माळ्यावरच्या उष्णतेत ठेवू नका. कोरड्या, थंड जागी, कागदी पाकिटांत ठेवा. निगेटिव्ह टाकू नका. आणि घरातली वडीलधारी माणसे सांगू शकतात तोवर, मऊ पेन्सिलीने प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर वर्ष, स्थळ आणि चित्रातील माणसांची नावे लिहा.

त्याखाली आणखी एक ओळ लिहावी. आम्ही आमच्या त्या स्वच्छ राहिलेल्या प्रिंटवर ती लिहिली आहे. छायाचित्रकाराच्या नावाखाली, ज्यांनी बारा पाणी बदलले त्यांचे नाव आता तेथे आहे. लिहिताना त्या शेजारीच बसल्या होत्या. “आता कशाला?” असे म्हणाल्या, पण पेन्सिल त्यांनीच शोधून दिली.